क्लोम-कमानी
पृष्ठवंशी (पाठीचा कणा असलेल्या) प्राण्यांच्या भ्रूणात घशाच्या, म्हणजे ग्रसनीच्या, दोन्ही बाजूंच्या भित्तींत एकामागे एक अशा कमानीसारख्या जाड पट्ट्या निर्माण होतात. त्यांना क्लोम-कमानी किंवा ग्रसनी-कमानी असे म्हणतात. माशांत त्यांपैकी बहुतेकांवर क्लोम (कल्ले) तयार होतात व त्यांच्या साहाय्याने मासा पाण्यात श्वसन करतो. जमिनीवर राहणाऱ्या पृष्ठवंशींत प्रौढपणी क्लोम नसतात; तथापि कमानी मात्र सर्वांच्या भ्रूणात उत्पन्न होतात आणि त्यांच्यापासून जबडा, कानातील अस्थी, कंठिका (जिभेच्या मुळाशी असणारे हाड), स्वरयंत्र, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रोहिण्या व काही ग्रंथी ही एकमेकांशी काहीही संबंध नसल्यासारखी दिसणारी अंगे बनतात. पृष्ठवंशींच्या क्रमविकासाचा (उत्क्रांतीचा) व अंगांच्या कार्याचा उलगडा शारीराच्या आधारे कसा होतो, हे दाखविणारे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

भ्रूणातील रचना : मानवी भ्रूणात या कमानी गर्भधारणेनंतर चौथ्या व पाचव्या आठवड्यांत दिसतात. त्या वेळी भ्रूणाची लांबी जेमतेम ४–५ मिमी. असते. कमानींना पुढून मागे क्रमांक दिलेले असून मानवात पहिली, दुसरी, तिसरी, चौथी व सहावी या कमानी ओळखता येतात. पाचवी निर्माणच होत नाही किंवा अल्पकाळ दिसून नाहीशी होते. प्रत्येक कमानीत चार घटक असतात : उपास्थीचा (कूर्चेचा) एक दांडा, स्नायूंचा एक गट, त्या स्नायूंना चेतना पुरविणारी एक तंत्रिका (मज्जातंतू) व एक रोहिणी. पहिल्या कमानीची तंत्रिका पाचवी मस्तिष्क तंत्रिका होय. दुसरीची सातवी, तिसरीची नववी व त्यापुढील कमानींची दहावी. पुढे उपास्थींचे आकार कितीही पालटले आणि स्नायू मूळ जागेपासून कितीही दूर सरकले, तरी तंत्रिका बहुधा पहिलीच राहते. त्यामुळे एखाद्या स्नायूचे मूळ शोधताना शारीरविज्ञ त्याचे स्थान किंवा काम पाहण्याआधी त्याची तंत्रिका पाहतात. चेहऱ्यावर भाव प्रकट करणारे स्नायू कपाळापासून मानेपर्यंत पसरलेले असले, तरी ते सर्व सातव्या तंत्रिकेच्या ताब्यात असतात. म्हणजे ते दुसऱ्या कमानीतून पसरत गेलेले आहेत.

दोन कमानींच्या मध्ये बाहेरून खाच व आतून कोष्ठ असतो. माशांत खाच व कोष्ठ एकमेकांस मिळून आरपार क्लोम-दरण (कल्ल्याची फट) तयार होते. सस्तन प्राण्यांत साधारणतः अशी आरपार फट पडत नाही आणि तेथे क्लोमही कधी बनत नाहीत. मानवी गर्भाला काही काळ कल्ले असतात, असे जे अनेकदा सांगितले जाते, ते यामुळे चुकीचे ठरते. काही मुलांच्या मानेच्या बाजूस जन्मतः आढळणारी गाठ किंवा स्राव येणारे छिद्र हे मात्र बहुधा दुसऱ्या खाचेचे वा कोष्ठाचे बुजावयाचे राहिलेले अवशेष असतात.

मार्टिन हाइन्रिख राटके यांनी १८२५ मध्ये डुकराच्या भ्रूणात या खाचा प्रथम दाखविल्या. त्यानंतर तीनच वर्षांनी कार्ल एर्न्स्ट फोन बेअर यांनी भ्रूणविज्ञानाचे आपले नियम मांडले. उच्च गणल्या जाणाऱ्या प्राण्याचा भ्रूण दुसऱ्या प्राण्याच्या प्रौढ रूपासारखा नसून केवळ त्याच्या भ्रूणासारखा असतो, हे त्यांतील एक महत्त्वाचे सूत्र होते. एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये याच्या नेमके उलट, म्हणजे भ्रूण आपल्या पूर्वजांच्या प्रौढ अवस्थांची पुनरावृत्ती करतो, असे प्रतिपादन केले. हेकेल यांचे मत दीर्घकाळ लोकप्रिय होते. परंतु पुराव्याच्या कसोटीस फोन बेअर यांचेच म्हणणे उतरले आहे.

जबडा व कान : पहिल्या कमानीतील उपास्थीपासून जबडा बनतो. शार्क माशात, म्हणजे कोकणच्या बाजारात येणाऱ्या मुशीत, वरचा व खालचा हे दोन्ही जबडे उपास्थींचेच असतात आणि त्यांच्या सांध्याला दुसऱ्या कमानीचा वरचा तुकडा कवटीशी टेकू देतो. जबडा ही मुळात एक क्लोमधारी कमानच होती, हे कार्ल गेगेनबाउर यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेले मत आकर्षक असले, तरी कल्ले असलेला पहिल्या कमानीचा कोणताही प्राणी सापडलेला नसल्यामुळे ते निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही. पहिल्या व दुसऱ्या कमानींमधील फट मुशीत व पाकटात डोळ्यामागे एका लहानशा छिद्राच्या रूपाने शिल्लक असते. तळाशी चिखलात पडून राहणारे पाकट याच छिद्रातून स्वच्छ पाणी आत घेते. माणसात त्याच जागी मध्यकर्णाची पोकळी आणि ती घशाशी जोडणारी नलिका असते. सर्दीमध्ये घशातील विकार कानापर्यंत पोहोचतो, तो याच मार्गाने.

सस्तन प्राण्यांच्या मध्यकर्णात तीन अस्थी असतात : कानाच्या पडद्याला चिकटलेली घण, मधली ऐरण आणि अंतर्कर्णाच्या अंडाकार खिडकीत बसलेली रिकीब. माणसातील रिकीब सु. ३ मिमी. उंचीची असून ते शरीरातील सर्वांत लहान हाड होय. पक्षी, सरडे व बेडूक यांच्या मध्यकर्णात मात्र एकच दांडीसारखी अस्थी असते. उरलेल्या दोन अस्थी सस्तन प्राण्यांत कोठून आल्या, हा तुलनात्मक शारीरातील एक जुना प्रश्न होता.

त्याचे उत्तर कार्ल रायखर्ट यांनी १८३७ मध्ये दिले. डुकराचे भ्रूण निरनिराळ्या वयांत तपासताना त्यांना असे आढळले की, घण व ऐरण ही हाडे पहिल्या कमानीच्या उपास्थीच्या मागील टोकापासून तयार होतात. ही उपास्थी पुढे खालच्या जबड्यात शिरलेली असते आणि भ्रूणात घण व जबडा हे काही काळ एकाच अखंड दांड्याचे भाग असतात. सरीसृपात (सरपटणाऱ्या प्राण्यांत) ज्या जागी वरच्या जबड्याचे चतुष्कास्थी व खालच्या जबड्याचे संधिकास्थी यांचा सांधा असतो, नेमक्या त्याच जागी सस्तन प्राण्याच्या भ्रूणात ऐरण व घण यांचा सांधा असतो. म्हणून ऐरण म्हणजे चतुष्कास्थी व घण म्हणजे संधिकास्थी होय. रिकीब ही दुसऱ्या कमानीतील असून माशात जबड्याला टेकू देणारा जो तुकडा असतो, तिचाच ती वारसा आहे. रायखर्ट यांचे हे विवेचन डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या (१८५९) बावीस वर्षे आधीचे आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ते क्रमविकासाची कल्पना गृहीत धरून केलेले नव्हते. एर्न्स्ट गाउप यांनी १९१३ मध्ये या सिद्धांताला विस्तृत रूप दिले.

या निष्कर्षाची पडताळणी तंत्रिकांवरूनही होते. घणाला जोडलेल्या सूक्ष्म स्नायूला पाचवी तंत्रिका, म्हणजे चघळण्याच्या स्नायूंचीच तंत्रिका, चेतना देते. रिकिबीला जोडलेल्या स्नायूला सातवी. एकाच कानात दोन-तीन मिमी. अंतरावर असलेल्या, ध्वनीचा आघात कमी करणे हे एकच काम करणाऱ्या दोन स्नायूंना दोन वेगवेगळ्या तंत्रिका असाव्यात, याचे कारण केवळ कार्याच्या विचाराने सांगता येत नाही. ते इतिहासात आहे. वैद्यालाही याचा उपयोग होतो : सातव्या तंत्रिकेच्या विकाराने चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते तेव्हा काही रुग्णांना त्या बाजूच्या कानात साधे आवाजही असह्य मोठे वाटतात. रिकिबीचा स्नायूही निकामी झाल्याचे ते लक्षण असून त्यावरून तंत्रिकेला इजा कोणत्या भागात झाली असावी, याचा अंदाज बांधता येतो.

जिवाश्मांचा पुरावा : जबड्याचे हाड कानात जाताना प्राणी चावणार कसे व ऐकणार कसे, हा रायखर्ट यांच्या सिद्धांतावरील सर्वांत गंभीर आक्षेप होता. मधल्या अवस्थेत सांधा तुटलेला असेल, तर तो प्राणी उपाशी मरेल, असा त्याचा आशय. या आक्षेपाला जिवाश्मांनी दिलेले उत्तर अनपेक्षित होते : मधल्या प्राण्यांत जबड्याला दोन सांधे होते. सस्तन प्राण्यांचे पूर्वज असलेल्या सायनोडाँट सरीसृपसदृश प्राण्यांत खालच्या जबड्याचे दात धारण करणारे हाड (दंतास्थी) क्रमाने मोठे होत गेले, चावण्याचे स्नायू त्याच्यावर सरकले आणि मागील हाडांवरील ताण कमी होऊन ती बारीक होत गेली. अशा प्राण्यांपैकी एक्झीरेटोडॉन याचे अवशेष महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातही मिळाले आहेत. पुढे दंतास्थी कवटीपर्यंत पोहोचले व जुन्या सांध्याच्या शेजारी नवा सांधा तयार झाला. दक्षिण आफ्रिकेतील डायआर्थ्रोग्नॅथस याच्या नावाचा अर्थच ‘दोन सांध्यांचा जबडा’ असा आहे. वेल्स व चीन येथे सापडलेल्या, सु. २० कोटी वर्षांपूर्वीच्या, चिचुंदरीएवढ्या मॉर्गॅन्युकोडॉन या प्राण्यात दोन्ही सांधे स्पष्ट दिसतात. नवा सांधा चावण्याचा भार वाहू लागला, तेव्हा जुना सांधा त्या कामातून मोकळा झाला.

ती हाडे मोकळी होण्यापूर्वीही ऐकण्याचे काम करीत असावीत, असे एडगर ॲलिन यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. रिकीब चतुष्कास्थीला टेकलेली असल्याने जबड्याच्या मागील हलक्या हाडांची कंपने तिच्याद्वारे अंतर्कर्णात पोहोचू शकत. म्हणजे हाडांनी एक काम सोडून दुसरे पत्करले, असे घडलेले नाही. दोन्ही कामे दीर्घकाळ बरोबर चालली आणि त्यांतील एक हळूहळू सुटले. चीनमधील सु. १२·५ कोटी वर्षांपूर्वीच्या यानोकोनोडॉन या प्राण्यात (वर्णन : २००७) कर्णास्थी जबड्यापासून बाजूला झालेल्या, तरीही हाडात रूपांतरित झालेल्या पहिल्या कमानीच्या उपास्थीने त्याला जोडलेल्या आढळल्या. आजच्या सस्तन प्राण्यांत ही अवस्था केवळ भ्रूणात दिसते. संपूर्ण विलगीकरण एकाहून अधिक वंशशाखांत स्वतंत्रपणे झाले असावे, असे अनेक संशोधक मानतात.

ऑपॉसम हा शिशुधान (पिशवीत पिलू वाढविणारा) प्राणी या बाबतीत विशेष उद्‌बोधक आहे. त्याची पिले गर्भधारणेनंतर सु. दोन आठवड्यांतच जन्मतात. जन्मतः त्यांचा दंतास्थीचा सांधा तयार झालेला नसतो. घण व ऐरण अद्याप जबड्याशी संलग्न असतात आणि पिलू त्याच स्थितीत स्तनाग्राला धरून दूध पिते. विलगीकरण पुढील काही आठवड्यांत होते.

रिकिबीचा आधीचा इतिहासही आता ठाऊक झाला आहे. ग्रीनलंडमधील अकँथोस्टेगा या सु. ३६·५ कोटी वर्षांपूर्वीच्या चतुष्पादाची रिकीब जेनिफर क्लॅक यांनी १९८९ मध्ये वर्णिली. ती जाड व आखूड असून नाजूक कंपने वाहण्यास निरुपयोगी होती. कवटीला आधार देणे हेच तिचे काम असावे. पडद्याचा कान हा पाणी सोडल्याबरोबर मिळालेला नाही. बेडूक, सरीसृप-पक्षी व सस्तन प्राणी यांच्या पूर्वजांत तो वेगवेगळा निर्माण झाला, असे आता मानले जाते.

कार्याच्या दृष्टीने पाहता हवेतील ध्वनी द्रवाने भरलेल्या अंतर्कर्णात शिरविणे, ही मध्यकर्णाची खरी अडचण आहे. हवेतून पाण्यावर पडणाऱ्या ध्वनीच्या ऊर्जेपैकी सु. ९९·९ टक्के परावर्तित होते. माणसात पडद्याचे कार्यक्षम क्षेत्रफळ अंडाकार खिडकीवरील रिकिबीच्या तळपट्टीच्या सु. १७ पट असते आणि घण व ऐरण यांच्या तरफेमुळे बलात आणखी सु. १·३ पट वाढ होते. परिणामी खिडकीवरील दाब सु. २२ पट होतो. एकाच अस्थीचा कानही क्षेत्रफळाचा हा लाभ घेतोच. घुबडाची श्रवणशक्ती त्यामुळे उणी राहिलेली नाही. परंतु पक्ष्यांना साधारणपणे १०,००० हर्ट्‌झच्या वरचे आवाज फारसे ऐकू येत नाहीत, तर माणसाची मर्यादा २०,००० व अनेक वटवाघळांची १,००,००० हर्ट्‌झच्या पलीकडे जाते. तीन हलक्या अस्थींचा यात मोठा वाटा आहे, अंतर्कर्णाच्या बदललेल्या रचनेचाही आहे.

सर्पांना पडदा व बाह्यकर्ण नसतो. त्यांची एकुलती कर्णास्थी चतुष्कास्थीला टेकलेली असल्यामुळे जमिनीची कंपने जबड्यातून थेट आत पोहोचतात. हवेतील खालच्या पट्टीचे आवाजही कवटीच्या कंपनांद्वारे त्यांना कळतात, म्हणून साप ठार बहिरा असतो हे म्हणणे खरे नाही; गारुड्याच्या पुंगीपुढे डोलणारा नाग मात्र तिच्या सुरांमागे नव्हे, तर तिच्या हालचालीमागे जात असतो.

पहिल्या दोन कमानींचे हे नाते रुग्णालयातही प्रत्ययास येते. या कमानींकडे जाणाऱ्या पेशींच्या वाढीत दोष राहिल्यास लहान हनुवटी, वेडावाकडा बाह्यकर्ण व सदोष कर्णास्थी ही एकत्र आढळतात. ट्रेचर कॉलिन्झ लक्षणसमूहात असे घडते. अशा बालकाचा अंतर्कर्ण बहुधा चांगला असतो व त्याला हाडांद्वारे ध्वनी पोहोचविणारे साधन देता येते. पण बहिरेपणा वेळीच ओळखला नाही, तर बोलणे शिकण्याचे वय निघून जाते. म्हणून जबड्याचे व्यंग असलेल्या नवजात बालकाचे कान तपासणे अगत्याचे असते. उंदरातील एचओएक्सए-२ हे जनुक निकामी केल्यास दुसऱ्या कमानीत पहिल्या कमानीची हाडे तयार होऊन घण व ऐरण यांची दुसरी जोडी उत्पन्न होते आणि रिकीब नाहीशी होते, असे १९९३ मध्ये दिसून आले.

रोहिणी-कमानी : माशाच्या हृदयातून निघणारे रक्त कमानींमधील रोहिण्यांतून क्लोमांत जाते व तेथून पाठीकडील महारोहिणीत येते. फुप्फुसे आल्यावर या जोडीजोडीने असलेल्या वाहिन्यांतील काही नष्ट झाल्या व काहींना नवी कामे मिळाली. तिसरीपासून डोक्याकडे जाणाऱ्या रोहिण्या व सहावीपासून फुप्फुसांच्या रोहिण्या बनल्या. चौथीची जोडी सरीसृपात दोन्ही बाजूंना टिकते. पक्ष्यांत उजवी व सस्तन प्राण्यांत डावी महारोहिणी होते. पक्षी व सस्तन प्राणी या दोघांनाही चार कप्प्यांचे हृदय असले, तरी ते एकमेकांपासून आलेले नाही, याची ही एक खूण आहे. सस्तन गर्भात डाव्या सहाव्या रोहिणीचा एक भाग फुप्फुसांना वगळून रक्त थेट महारोहिणीत नेतो. जन्मानंतर तो काही दिवसांत मिटतो. न मिटल्यास फुप्फुसांवर व हृदयावर ताण पडतो. रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये बॉस्टन येथे तो बांधण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. उलट, हृदयाच्या काही जन्मजात दोषांत हाच मार्ग बालकाला जिवंत ठेवतो व शस्त्रक्रियेपर्यंत तो औषधाने उघडा ठेवावा लागतो.

स्वरयंत्राची परतणारी तंत्रिका : दहाव्या तंत्रिकेची जी शाखा सहाव्या कमानीच्या स्नायूंना जाते, ती माशात सहाव्या रोहिणीच्या मागून सरळ पोहोचते. सस्तन प्राण्यांत ते स्नायू स्वरयंत्राचे झाले. मान निर्माण झाली व हृदय छातीत उतरले, तेव्हा रोहिणी हृदयाबरोबर खाली गेली आणि तिच्यामागे अडकलेली तंत्रिका खाली ओढली गेली. त्यामुळे डावी शाखा मानेतून छातीत उतरते, महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्रात शिरते. उजव्या बाजूस सहाव्या रोहिणीचा तो भाग नष्ट होत असल्याने तंत्रिका चौथीपाशी, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या रोहिणीपाशी, अडते व लवकर वळते. मेंदूपासून स्वरयंत्र काही सेंमी. अंतरावर असताना जिराफाच्या डाव्या तंत्रिकेला ४ मी.हून अधिक मार्ग चालावा लागतो. कार्याच्या दृष्टीने या वळशाचे समर्थन करता येत नाही. माशाच्या शरीरात ती वाट सरळ होती, एवढेच त्याचे स्पष्टीकरण आहे.

दुसऱ्या शतकातील रोमन वैद्य गेलेन यांना ही तंत्रिका ठाऊक होती. ती कापताच किंचाळणारे डुक्कर मुके होते, हे त्यांनी जाहीरपणे दाखविले होते. तिचा वळसा शल्यविशारदांना आजही सावध ठेवतो. अवटू ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत ती दुखावल्यास आवाज घोगरा होतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्यास श्वासमार्ग बंद होऊन जिवावर बेतते. छातीतील विकारही घशात प्रकट होतो : महारोहिणीचा फुगवटा किंवा डाव्या फुप्फुसाच्या मुळाशी असलेले अर्बुद यांचे पहिले लक्षण कधीकधी केवळ बसलेला आवाज हेच असते. उजव्या हाताची रोहिणी जन्मतः वेगळ्या ठिकाणाहून निघालेली असेल, तर उजव्या तंत्रिकेला अडकण्यास काही उरत नाही व ती सरळ स्वरयंत्राकडे जाते. शंभरांत एकाहूनही कमी व्यक्तींत आढळणारी ही रचना कमानींच्या इतिहासाला दुजोरा देते; पण तंत्रिका नेहमीच्या जागी शोधणाऱ्या शल्यविशारदाच्या हातून ती कापली जाण्याचा धोकाही तिच्यात असतो.

कोष्ठांपासून बनणाऱ्या ग्रंथी : तिसऱ्या व चौथ्या कोष्ठांपासून परावटू ग्रंथी बनतात. त्या रक्तातील कॅल्शियमचे नियंत्रण करतात. मासे कॅल्शियम क्लोमांद्वारे पाण्यातून घेतात. परावटू ग्रंथी घडविणारे जनुक माशांच्या क्लोमांतही कार्य करते, असे ओकाबे व ग्रॅहॅम यांनी २००४ मध्ये दाखविले. तिसऱ्या कोष्ठातील ग्रंथी यौवनलोपी ग्रंथीबरोबर (थायमसबरोबर) खाली उतरतात व म्हणून चौथ्या कोष्ठातील ग्रंथींच्याही खाली येतात. हा प्रवास लांबल्यास त्या छातीत सापडतात. मानेत न मिळालेल्या परावटू ग्रंथीचा शोध तेथे घ्यावा लागतो.